गायनाच्या दूरवर्गासाठी झूम : काय पोचते आणि काय अडते

शास्त्रीय गायन शिकवण्यासाठी झूम कितपत उपयोगी पडते, असा प्रश्न मला इतर शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात. मी सांगलीत गायन शिकवते. समोर बसून शिकणाऱ्यांबरोबरच पुणे, सिंधुदुर्ग, न्यू जर्सी आणि मेलबर्न इथले काही विद्यार्थी माझ्याकडे पडद्यावरून शिकतात, आणि त्या सगळ्यांसाठी मी झूमच वापरते. या परीक्षणात मी त्याच्याकडे एकाच बाजूने पाहणार आहे. गाणे शिकवताना गुरू आणि शिष्य यांच्यात जे गाणे, ऐकणे, थांबवणे आणि दुरुस्त करणे अखंड चालू असते, त्यातले किती या माध्यमातून शाबूत राहते, हा माझ्यापुरता महत्त्वाचा प्रश्न आहे. माझे मत असे की स्वर, बंदिशीचे (रागात बांधलेल्या गीताचे) शब्द, उच्चार आणि रागाचे चलन (त्यातल्या स्वरांची चाल) यांसाठी झूम चांगले आहे, संथ लयीच्या विलंबित ख्यालासाठी पुरेसे आहे, आणि लयीच्या कामासाठी फार तोकडे आहे. मात्र यातले ‘चांगले’ हे आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना काही गोष्टी बदलाव्या लागतात आणि वर्गात कोणी केव्हा आवाज काढायचा याची शिस्त नव्याने बसवावी लागते.

झूमची कंपनी २०११ साली स्थापन झाली आणि तिची सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. ती मुळात कार्यालयीन बैठकांसाठी घडवलेली आहे. बैठकीत एका वेळी एक माणूस बोलतो आणि त्याचे शब्द स्पष्ट कळणे एवढीच अपेक्षा असते. म्हणून पंख्याची घरघर, रस्त्यावरचा गोंगाट, यंत्रांची गुणगुण असे जे काही सतत एकसारखे वाजत राहते, ते ‘नको असलेला आवाज’ मानून कापून टाकण्याची व्यवस्था त्यात आहे. बोलण्यासाठी ही सोय उत्तमच आहे. पण तानपुरा हा नेमका असाच सतत, एकसारखा आणि शब्दांवाचून वाजणारा नाद आहे. त्यामुळे मूळ मांडणी तशीच ठेवली, तर पहिल्याच मिनिटाला पलीकडचा तानपुरा विरून जातो, मध्येच उसळतो, पुन्हा बुडतो. मंद्र षड्जावर (खालच्या ‘सा’वर) विद्यार्थिनीने लांब श्वासाने आवाज ठेवला की तो काही क्षणांनी क्षीण होऊ लागतो, आणि शिक्षकाला वाटते की तिचा दम संपला. मींडेचे (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचे) शेवटचे टोक, दरबारी रागातल्या कोमल गंधाराचे आंदोलन (संथ झुलणे), हलकेच लावलेला कण (ओझरता स्पर्शस्वर) हे सगळे नाजूक काम या गाळणीत सापडते. शिक्षक न झालेली चूक दुरुस्त करत राहतो आणि विद्यार्थी गोंधळतो. दूरवर्गातल्या गैरसमजांपैकी निम्मे तरी इथेच जन्मतात असे मला वाटते, आणि हे दोघांच्याही सहसा लक्षात येत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या खोलीतला आवाज नीटच ऐकू येत असतो.

यावर झूममध्ये उपाय आहे आणि तो चांगला आहे. संगणकावरील ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय निवडला की आवाज गाळण्याची प्रक्रिया थांबते. त्याखाली ‘हाय-फिडेलिटी म्युझिक मोड’, ‘इको कॅन्सलेशन’ आणि ‘स्टिरिओ ऑडिओ’ अशा आणखी तीन खुणा असतात. पहिली चालू ठेवावी. तिने आवाजाचा दर्जा बराच उंचावतो, पण इंटरनेटही जास्त लागते. दुसरी, म्हणजे प्रतिध्वनी कापणारी सोय, दोघांनीही हेडफोन लावले असतील तरच बंद करावी. स्टिरिओची गरज एकट्या गळ्याला नाही. आणखी एक खूण अनेकांच्या नजरेतून सुटते : मायक्रोफोनचा आवाज आपोआप कमीजास्त करण्याची. ती चालू असली की विद्यार्थ्याने आवाज लहान केला तर यंत्र तो मोठा करते आणि मोठा केला तर दाबते. स्वराचा लगाव (स्वर लावण्याची रीत) कसा आहे, तारसप्तकात गळा ताणला जातो आहे की मोकळा आहे, हे मग पलीकडून ठरवताच येत नाही. ही खूण काढून टाकावी.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की ही सेटिंग पाठवणाऱ्याच्या आवाजावर काम करते. शिक्षकाने ती बदलली म्हणजे विद्यार्थ्याला शिक्षक नीट ऐकू येईल. विद्यार्थी नीट ऐकू येण्यासाठी बदल विद्यार्थ्याच्याच यंत्रावर करावा लागतो. म्हणून नव्या विद्यार्थ्याबरोबरचा पहिला तास मी गाण्यासाठी ठेवतच नाही. तो तास खोली, यंत्र, मायक्रोफोन आणि या खुणा यांसाठी असतो, आणि पालकांना हे आधीच स्पष्ट सांगावे. मोबाइलवर संगणकाइतके पर्याय मिळत नाहीत, त्यामुळे गायनाच्या वर्गासाठी शक्य असेल तेव्हा संगणकच घ्यावा.

हेडफोनही वायरचेच हवेत. बिनवायरी हेडफोन स्वतःचा विलंब भरीला घालतात. शिवाय त्यांचाच मायक्रोफोन वापरला की बहुतेक यंत्रांत ते दूरध्वनीच्या संभाषणाच्या पातळीवर उतरतात आणि आवाज पातळ, चपटा होतो. महागड्या बिनवायरी जोडीपेक्षा वायरचा साधा संच आणि संगणकाला जोडलेला साधा मायक्रोफोन या कामाला कितीतरी अधिक उपयोगी आहे.

आता विलंबाकडे येते, कारण गायनाच्या दूरवर्गातला खरा पेच तोच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषण सहज चालण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. साध्या बोलण्यात एवढा विलंब आपण सहज पचवतो. एकत्र गाण्यावाजवण्याचे मात्र वेगळे आहे. तिथे साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की लय मागे ओढली जाऊ लागते. ३० मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे १० मीटर जातो, म्हणजे बैठकीत तबलजी १० मीटर दूर बसला असता तर जी अडचण झाली असती, ती या मर्यादेवर सुरू होते.

तीनतालाच्या १६ मात्रा मध्यलयीत मिनिटाला १२० या गतीने चालल्या, तर एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो. माझा ठेका (तबल्यावर वाजणारा ताल) विद्यार्थ्यापर्यंत जाऊन त्यावर गायलेला त्याचा आवाज माझ्याकडे परत येईपर्यंत जर पाव सेकंद लागला, तर माझ्या कानाला तो अर्धी मात्रा मागे आहे. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रांना, तेवढाच विलंब पुरी एक मात्रा खातो. विद्यार्थी त्याच्या जागी अचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलेला असतो आणि शिक्षकाला मात्र तो दुसऱ्या मात्रेवर आलेला दिसतो. हे गणित ठाऊक नसलेला शिक्षक त्याला ‘लवकर ये, लवकर ये’ म्हणत राहतो, आणि आज्ञाधारक मूल खरोखरच समेच्या आधी येऊ लागते. लय बिघडवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

झूमऐवजी दुसरे काही वापरले तर हे सुटेल का, असेही विचारले जाते. जॅम्युलस, सोनोबस यांसारखी खास संगीतकारांसाठी केलेली, फक्त आवाज पाठवणारी साधने आहेत, आणि इंटरनेटची तार थेट संगणकाला जोडून ती वापरली तर जवळच्या दोन शहरांत एकत्र गाणे त्यांवर शक्य होते. पण त्यांची मांडणी सामान्य पालकाला जड जाते आणि चेहरा दिसत नाही. समुद्रापलीकडे तर प्रश्न साधनाचा उरतच नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सांगली ते न्यू जर्सी हे अंतर १२ हजार किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे मध्ये कोणतेही यंत्र नसते आणि तार अगदी सरळ असती, तरी एका दिशेला ६० मिलिसेकंद लागलेच असते. त्यामुळे अमेरिकेतल्या शिष्याबरोबर एकत्र द्रुत बंदिश गाता येईल असे आश्वासन कोणी देत असेल, तर पालकांनी त्यावर विश्वास ठेवू नये.

मग ताल शिकवायचाच नाही का? शिकवायचा, पण साथ कोणाच्या खोलीत वाजते याचा नियम पक्का करून. माझ्या वर्गात गाणाऱ्याच्याच टोकाला तबला आणि तानपुरा वाजतो. विद्यार्थी गातो तेव्हा ठेका त्याच्या खोलीत असतो. त्याचा आवाज आणि ठेका एकाच मायक्रोफोनमधून एकत्र निघतात, एकत्रच उशिरा पोचतात, आणि दोहोंमधले नाते जसेच्या तसे राहते. तो समेवर आला की नाही हे मला मग बिनचूक कळते. मी गाऊन दाखवते तेव्हा ठेका माझ्याकडे. यासाठी विद्यार्थ्याजवळ तबल्याचे यंत्र किंवा दुसऱ्या मोबाइलवर तबल्याचे ॲप असावे लागते, आणि ते गळ्यापेक्षा वरचढ होणार नाही इतक्या अंतरावर ठेवावे लागते. विलंबित एकताल हा या सगळ्यात सर्वांत कमी त्रासाचा, कारण एकेक मात्राच काही सेकंदांची असते आणि पाव सेकंदाचा फरक तिच्यात सामावून जातो. पडद्यावर संथ लयीचा बडा ख्याल चांगला शिकवता येतो आणि जलद लयीचा छोटा ख्याल अडतो, हे ऐकणाऱ्यांना उलटे वाटते, पण अनुभव असाच आहे.

तानपुऱ्याला लयीचा प्रश्न नाही. त्याचा प्रश्न सुराचा आहे. दोन्हीकडची यंत्रे ‘काळी चार’वर (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरावर) ठेवली म्हणजे ती तंतोतंत जुळली असे होत नाही. बारीक फरक राहतो आणि दोन्ही एकाच वेळी वाजली की नाद थरथरू लागतो. म्हणून ऐकताना मी माझा तानपुरा बंद ठेवते.

वर्गातल्या बोलण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सेटिंग एकदा लावली की झाली, पण बोलण्याची पद्धत रोज सांभाळावी लागते. समोर बसून शिकवताना शिक्षक गाता गाताच ‘हं’, ‘वर’, ‘अजून थोडा चढा’ असे म्हणत असतो, विद्यार्थी न थांबता ते झेलतो, आणि यातूनच शिक्षण पुढे सरकते. पडद्यावर हे छोटे उद्गार घातक ठरतात. ते उशिरा पोचतात, त्यामुळे ‘वर’ हा शब्द गंधारासाठी असतो आणि विद्यार्थी तोवर पंचमावर गेलेला असतो. शिवाय दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आला की एकाचा आवाज दबतो, आणि बहुधा शिकणाऱ्याचे गाणेच तुटते. म्हणून सूचना हातांकडे सोपवाव्यात. माझ्या वर्गात तळहात पुढे केला म्हणजे ओळ पूर्ण करून थांबायचे, बोट वर म्हणजे स्वर चढा हवा, बोट खाली म्हणजे उतरा, आणि संथपणे पुढे सरकणारा हाताचा पंजा म्हणजे श्वास न तोडता चालू ठेवायचे. चित्रही उशिराच पोचते, पण ते आवाज कापत नाही. दादही अशीच द्यावी. चांगली जागा आली की ‘वा!’ म्हणण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, पण ती दाद त्याच जागेवर काट मारते; मान आणि हात यांनी दिलेली दाद मुलाला तितकीच पोचते.

दुरुस्ती सांगताना जागा नेमकी सांगावी. ‘तिथे जरा बघ’ असे म्हटल्याने पडद्यापलीकडच्या मुलाला काहीच कळत नाही. ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, सातव्या मात्रेवरचा निषाद’ असे म्हटले की तो थेट तिथे जातो. यासाठी बंदिशीचे स्वरलेखन दोघांसमोर असणे आवश्यक आहे, आणि झूमची पडदा वाटून दाखवण्याची सोय इथे फार कामाची आहे. स्वरलिपी पडद्यावर ठेवून, ज्या मात्रेबद्दल बोलायचे तिच्यावर खूण करता येते. समोरच्या वर्गात वहीत डोकावून हे इतके स्वच्छ करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न विचारताना आधी नाव घ्यावे आणि मग प्रश्न. त्यानंतर उत्तरासाठी थोडे थांबावे. उत्तर लगेच आले नाही म्हणजे मुलाला येत नाही असे नसते. ते वाटेत असते. घाईने शिक्षकाने स्वतःच उत्तर दिले की लाजरी मुले हळूहळू बोलणेच सोडतात. ‘ताई, पुन्हा गाऊ का?’ हा प्रश्न ज्या वर्गात मुलांकडून सहज येतो, तिथे संवाद नीट चालला आहे असे मी समजते.

गटाच्या वर्गात सर्वांचे मायक्रोफोन उघडे ठेवून एकत्र पलटे (सरावाचे स्वरक्रम) घेणे अशक्य आहे. वेगवेगळ्या विलंबाचे आवाज एकमेकांवर आदळतात आणि नुसता कल्लोळ उरतो. त्यामुळे मी गाते आणि सगळी मुले मायक्रोफोन बंद ठेवून माझ्याबरोबर गातात. यात एक अनपेक्षित फायदा आहे : ज्या मुलांना चारचौघांत गायला संकोच वाटतो, ती इथे मोकळ्या गळ्याने गातात. धोका असा की एखादे मूल चुकीचा स्वर अनेकदा घोटते आणि कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक ओळीनंतर एकेकाने ती गाऊन दाखवायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हा क्रम मोडू देऊ नये. या हिशेबाने पाच-सहा मुलांच्या पुढे गट गेला की वर्ग केवळ ऐकण्याचा होतो. वीस-पंचवीस मुलांना एकत्र बसवून ‘ऑनलाइन गायन वर्ग’ चालवणाऱ्यांची फी कितीही कमी असली, तरी त्यात गाणे शिकवले जाते असे मी म्हणणार नाही. स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता मायक्रोफोन उघडण्याची झूमची सोय छोट्या मुलांना फार आवडते आणि शंका विचारायला पुरतेही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो डोळ्यांच्या उंचीवर आणि मांडी घालून बसलेला विद्यार्थी कमरेपासून वर दिसेल एवढ्या अंतरावर हवा. नुसता चेहरा दिसला तर ताल देणारा हात, उचलले जाणारे खांदे आणि श्वास कळत नाही. तीनतालात १, ५ आणि १३ वर टाळी आणि ९ वर खाली (टाळी नसलेली जागा) नीट पडते का, हे पाहिल्याशिवाय समजत नाही. उजेड समोरून यावा, कारण पाठीमागे खिडकी असली की तोंड काळे पडते आणि ‘आ’कार खुला आहे की ओठांत अडकला आहे हे दिसत नाही. इंटरनेट अडखळत असेल तर मात्र बेधडक चित्र बंद करावे. झूमवर नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटांच्याही आत भागते, उत्तम चित्राला त्याच्या कितीतरी पट लागते. संगीताची वरची पातळी लावली तरी आवाज चित्रापेक्षा हलकाच राहतो. सिंधुदुर्गातल्या विद्यार्थिनीबरोबर पावसाळ्यात आम्ही बोलताना चित्र ठेवतो आणि गाताना काढतो.

ध्वनिमुद्रण ही दूरवर्गाची सर्वांत मोलाची बाजू आहे, पण झूममधून केलेले मुद्रण मी रियाजासाठी फारसे वापरत नाही, कारण त्यात इंटरनेटच्या सगळ्या अडखळी उतरलेल्या असतात. विद्यार्थ्याने घरी ठेक्याबरोबर गाऊन मोबाइलवर मुद्रण करावे आणि ती फाइल जशीच्या तशी पाठवावी. मी ती हेडफोनवर शांतपणे ऐकते, कोणत्या मिनिटाला काय झाले ते लिहिते, आणि जिथे लिहून भागत नाही तिथे गाऊन परत पाठवते. लयीचे काम मी आता जवळजवळ पूर्ण याच मार्गाने करते. इथे विलंबाचा प्रश्नच येत नाही, आणि पाठवण्याआधी विद्यार्थी स्वतःचे गाणे निदान एकदा ऐकतो, हा फायदा वेगळाच.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या वेळा ठरवताना तिथली घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे होतात हे दोन्ही घरांनी लिहून ठेवावे. न्यू जर्सीशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. माझ्या सकाळी साडेसहाला उन्हाळ्यात तिथे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मी सकाळच्या भैरव रागाच्या वेळेला रात्रीचे यमन किंवा बिहाग शिकवते, आणि वेळ शिकणाऱ्याची पाळावी असे माझे ठाम मत आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती, हे पालक अजून आठवतात. त्याच महिन्यापासून फुकट खात्यांवर पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष मुळातूनच चालू राहू लागले. मुलांच्या वर्गात ते कधीही बंद करू नयेत आणि दुवा मोठ्या गटांवर टाकू नये. एवढी काळजी पुरेशी आहे.

खर्चाचा प्रश्न फुकट खात्याच्या ४० मिनिटांच्या मर्यादेपाशी येतो. ही मर्यादा आता दोघांच्या वर्गालाही आहे. लहान मुलांच्या अलंकारांना (सुरुवातीच्या स्वरपाठांना), प्रारंभिक किंवा प्रवेशिका या पहिल्या परीक्षांच्या तयारीला ४० मिनिटे पुरतात, किंबहुना पडद्यासमोर त्याहून अधिक बसवूही नये. विशारद या वरच्या परीक्षेच्या विद्यार्थ्याला मात्र बड्या ख्यालात आलाप रंगू लागतात तेव्हाच वर्ग संपतो, आणि पुन्हा जोडणी, पुन्हा सुर लावणे यात सगळे विस्कटते. अशा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्याने पैसे भरून खाते घ्यावे. विद्यार्थ्याला त्यासाठी काही भरावे लागत नाही. ज्याच्या खात्यावरून वर्ग भरतो त्याचीच मर्यादा लागू होते. आणि ज्याने अजून गाण्याला सुरुवातच केलेली नाही, अशा मुलाला पहिले काही महिने जवळच्या शिक्षकाकडे समोर बसवूनच षड्ज लावायला शिकवावे, तानपुरा हातात द्यावा, त्याच्या जवारीचा (तारांच्या झंकाराचा) नाद खोलीत ऐकवावा. त्यानंतर ते मूल माझ्याकडे पडद्यावरून आले, तर मी त्याला आनंदाने पुढे शिकवीन.